डेटाबेस शिकायचा असेल तर आधी सातबारा वाचा

डेटाबेस शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तीच उदाहरणं येतात. विद्यार्थी, विषय आणि गुण. नाहीतर ग्राहक, वस्तू आणि बिल. उदाहरणं वाईट नाहीत, पण त्यांत कोणाचं काही जात नाही. गुणांच्या तक्त्यात एक ओळ चुकली तर आपण ती दुरुस्त करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. भंडारा जिल्ह्यातल्या मुलामुलींना मी वेगळं सांगेन. घरातल्या लोखंडी पेटीतून सातबारा काढा, आठ-अ काढा, आणि आजोबांचं वावर ज्या फेरफाराने बाबांच्या नावावर आलं त्या फेरफाराची नक्कल पटवाऱ्याकडून आणा. (सरकारी कागदात तलाठी, आणि आता तर ग्राम महसूल अधिकारी, पण आपल्याकडे बोलताना पटवारीच.) हे तीन कागद समोर असले की रिलेशनल डेटाबेसचा निम्मा अभ्यास होतो. चौथा एक कागद आहे, तो बहुतेक घरांत नसतो. नॉन-रिलेशनल डेटाबेस का लागतो हे कळायला तो चौथा कागद लागतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

माझं पीएचडीचं काम पूर्व विदर्भातल्या महसुली नोंदींच्या इतिहासावर आहे. आज त्यातला एकच प्रश्न तुमच्यासमोर मांडते: पटवाऱ्याच्या दप्तरातलं काय संगणकात गेलं, काय गेलं नाही, आणि त्याचा गावाला काय फरक पडला?

आधी ते तीन कागद बघू.

सातबारा हा मुळात एक कागद नाही, दोन आहेत. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख: हा गट कोणाच्या ताब्यात, आराजी किती, आकार किती, पोटखराब किती. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही: कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, काय पेरलं. दोन्ही एकाच पानावर छापायची पद्धत पडली आणि सात अधिक बारा असा सातबारा झाला. आता लक्ष द्या. जमिनीचा मालक वीस-वीस वर्षं बदलत नाही, पीक मात्र वर्षातून दोनदा बदलतं. दोन वेगळ्या वेगाने बदलणाऱ्या गोष्टी दोन वेगळ्या तक्त्यांत ठेवायच्या आणि गट क्रमांकाने जोडायच्या, हा धडा डेटाबेसच्या वर्गात 'नॉर्मलायझेशन' नावाने दोन-तीन तास चालतो. इथे तो पानाच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्यात पडलेला आहे.

आठ-अ हा तोच माल उलट्या बाजूने. सातमध्ये शोध जमिनीपासून सुरू होतो: अमुक गट कोणाचा? आठ-अमध्ये माणसापासून: अमुक खातेदाराचे या गावात कोणकोणते गट? एका गटाला अनेक खातेदार असू शकतात, एका खातेदाराचे अनेक गट असू शकतात. डेटाबेस बनवायला बसलेला नवखा मुलगा इथे हमखास अडतो. तो जमिनीच्या तक्त्यात 'मालक १', 'मालक २', 'मालक ३' असे रकाने काढतो आणि चौथा भाऊ निघाला की थांबतो. उपाय असा की जमिनीचा एक तक्ता, खातेदारांचा दुसरा, आणि 'कोणाचा कशात किती हिस्सा' एवढंच सांगणारा तिसरा. प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख हवी. जमिनीला गट क्रमांक, खातेदाराला खाते क्रमांक. नाव ही ओळख होत नाही, कारण एका गावात एकाच नावाचे तिघं असतात आणि एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं. शिवाय खाते क्रमांक त्या गावापुरताच. लाखनीच्या बाजूला एक तुकडा आणि साकोलीच्या बाजूला दुसरा असेल, तर दप्तराच्या लेखी तुम्ही दोन माणसं आहात.

तिसरा कागद मला सगळ्यात आवडतो. गाव नमुना ६, फेरफार. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असायचा, आठवतो? तो फेरफार क्रमांक. हे नाव इथे कशामुळे आलं, त्याची गोष्ट फेरफार वहीत त्या क्रमांकाखाली लिहिलेली असते: खरेदी, वारस, वाटणी, बक्षीसपत्र. जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात. मागे मागे जात राहिलं की पन्नास वर्षांचा हिशेब लागतो. डेटाबेसवाले याला व्यवहारांची नोंदवही म्हणतात, आणि तिच्यातली ओळ पुसायची नाही, फक्त खाली नवी लिहायची, हा त्यांचाही नियम आहे.

फेरफाराची रीतही बघण्यासारखी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५० सांगतं की नोंद घेतल्यावर पटवाऱ्याने तिची प्रत चावडीवर लावायची, हितसंबंध असणाऱ्यांना कळवायचं, कोणी हरकत घेतली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जायची, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलायचा. म्हणजे एकतर सगळं पूर्ण होईल, नाहीतर काहीच होणार नाही; जमीन अर्धी विकली गेली असं मध्येच लटकणार नाही. संगणकशास्त्रात जिम ग्रे यांनी १९८१ साली 'ट्रान्झॅक्शन'ची कल्पना नीट मांडली, तेव्हा त्यांनी तिचं मूळ करारांच्या कायद्यात शोधलं होतं. आपल्याकडची चावडी त्यांनी पाहिली असती तर एखादा परिच्छेद वाढवला असता, असं मला उगाच वाटतं.

आता थोडा इतिहास, कारण हे नमुने आभाळातून पडलेले नाहीत.

१८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि त्या दशकात भंडाऱ्यात जमाबंदी झाली. इंग्रजांनी गावच्या पाटलाला किंवा ठेकेदाराला मालगुजार म्हणून मालकी हक्क दिले. सरकारचा सारा त्याने भरायचा, कुळांकडून वसुली त्याने करायची. या व्यवस्थेत सरकारला दोन प्रकारची माहिती हवी होती. एक, मोजता येणारी: किती शेतं, कोणत्या प्रतीची, कोण कसतं, किती सारा बसवायचा. यासाठी नकाशा आणि खसरा. १८८०-९० च्या सुमारास जे. बी. फुलर या अधिकाऱ्याच्या काळात मध्य प्रांतात जमिनीला 'युनिट' लावायची पद्धत आली. कन्हार, मोरांड, खरडी, बरडी ही आपल्याकडची मातीची नावं. प्रत्येकीला एक आकडा, त्यात शेत कुठे आहे, पाणी मिळतं की नाही याप्रमाणे कमीजास्त, आणि त्याला क्षेत्राने गुणायचं. शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द घ्यायचा, तक्त्यात बघायचं, आकडा मिळवायचा. आज आपण याला 'लूकअप टेबल' म्हणतो.

दुसरी माहिती मोजता येत नव्हती. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांध्यांना? मासे कोणी धरायचे? गावठाणात घर बांधायला जागा कोण देणार? जंगलातून सरपण, काटे, बल्ल्या कोण आणणार आणि मोबदल्यात काय देणार? गुरं कोणत्या वाटेने चरायला जाणार? हे प्रत्येक गावात वेगळं. जमाबंदीच्या वेळी गावकऱ्यांना विचारून हे सगळं गद्यात उतरवून घेतलं जायचं. त्या कागदाचं नाव वाजिब-उल-अर्ज. शब्द परका वाटला तरी दोन्ही तुकडे आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत: वाजवी आणि अर्ज. सरकारपुढे मांडायला योग्य अशी गोष्ट. हाच तो चौथा कागद.

भंडाऱ्यात या कागदाचं महत्त्व इतर जिल्ह्यांहून जास्त, कारण हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या यांच्यावर इथली धानशेती शतकानुशतकं उभी आहे. या तलावांना आज मालगुजारी तलाव, लाडाने मामा तलाव, म्हणतात; पण त्यांतले कित्येक मालगुजारीच्या आधीचे. कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला नवेगावचा बांध जुन्या कागदांत भंडारा जिल्ह्यात सापडतो आणि नव्या कागदांत गोंदियात, कारण १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. (नोंदींवर काम करणाऱ्यांसाठी टीप: जिल्हा, तहसील, प.ह.नं. यांतलं काहीही गावाची कायमची ओळख समजू नका. सगळं बदलतं.)

एका तलावाची नोंद तक्त्यात करून बघा. समजा गट क्रमांक १०१, क्षेत्र ९ हेक्टर, प्रकार तलाव. झालं. आता त्याच तलावाचा गावातला व्यवहार असा समजा: भरपूर पाऊस झाला तर पाट शेवटच्या बांधीपर्यंत सोडायचा, कमी झाला तर पाळीपाळीने, आणि पाळी ठरवणार गावाने नेमलेला माणूस, पार दुरुस्तीला प्रत्येक घरातून एक माणूस, न आला तर त्याची पाळी मागे, मासे ढीवरांचे, पण गुरांसाठी अमुक इतकं पाणी राखूनच, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात काही ठरावीक घरांनी गाळपेर करायची. शेजारच्या गावात यातली निम्मी कलमं नाहीत आणि तिसरीच पाच आहेत. याचे रकाने कसे पाडणार? सगळ्या गावांच्या सगळ्या शक्यतांना एकेक रकाना दिला तर तक्ता दोनशे रकान्यांचा होईल आणि त्यातले एकशे ऐंशी प्रत्येक गावासाठी रिकामे राहतील.

हीच अडचण पुढे संगणकाच्या जगाला आली. तिथला प्रवासही गमतीचा आहे. १९६० च्या दशकात आयबीएमने अपोलो मोहिमेतल्या सुट्या भागांच्या याद्यांसाठी एक व्यवस्था बनवली, तिचं नाव पुढे आयएमएस पडलं. तिची रचना झाडासारखी: वरून खाली फांदीफांदीने जायचं. पटवाऱ्याच्या बस्त्यांसारखंच. तहसील, मग गाव, मग गट. गट माहीत असेल तर झटकन सापडतो. 'या माणसाची सगळी जमीन दाखवा' म्हटलं की सगळे बस्ते सोडा. त्याच कंपनीतल्या एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये एक निबंध छापला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, तक्ते एकमेकांना मूल्यांनी जोडा, आणि विचारणाऱ्याला ती आत कशी साठवली आहे हे माहीत असायची गरज पडू देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, महाराष्ट्राचे अधिकार अभिलेखाचे नियम आले आणि गाव नमुन्यांची एकसारखी चौकट राज्यभर बसली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, हे सांगायला नको. पण गाव नमुने आणि कॉड यांचे तक्ते शेजारी ठेवले की एकमेकांना ओळखतात.

कॉड यांच्या तक्त्यांनी पुढची तीस-चाळीस वर्षं बँका, रेल्वे, सरकारं सगळं चालवलं. मग इंटरनेटच्या कंपन्यांची माहिती एका यंत्रात मावेना आणि एका साच्यातही बसेना. गूगलने २००६ मध्ये बिगटेबलबद्दल, ॲमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमोबद्दल लिहिलं. २००९ मध्ये मोंगोडीबी आलं आणि त्याच वर्षी 'नोएसक्यूएल' हा शब्द या साऱ्या मंडळींना चिकटला. यांतल्या डॉक्युमेंट डेटाबेसची कल्पना अशी: प्रत्येक नोंद एक स्वतंत्र दस्तऐवज. एका गावच्या दस्तऐवजात 'गाळपेर' नावाचा भाग असेल, दुसऱ्यात नसेल, तिसऱ्यात त्याच्या आत आणखी पाच कलमं असतील. रिकामे रकाने नाहीत. वाजिब-उल-अर्ज हा नेमका असा दस्तऐवज आहे.

म्हणून कोणी विचारलं, 'रिलेशनल चांगलं की नॉन-रिलेशनल?', तर भंडाऱ्याचं जुनं दप्तर दाखवावं. तिथे दोन्ही होते, एकाच कपाटात. खसरा तक्त्यात, कारण सारा बसवायला बेरीज लागते. वाजिब-उल-अर्ज गद्यात, कारण वहिवाटीची बेरीज होत नाही.

मग ही जोडी तुटली कधी? मला वाटतं, दोन टप्प्यांत.

पहिला टप्पा कायद्याचा. ३१ मार्च १९५१ ला मध्य प्रदेशात मालगुजारी संपली; भंडारा तेव्हा त्या राज्यात होता. तलाव, जंगल, पडीक सगळं सरकारकडे आलं. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत विदर्भापुरतं एक वेगळं प्रकरण ठेवलं गेलं. त्यात कलम १६१ निस्तारपत्रकाचं: गावातल्या ताब्यात न दिलेल्या जमिनीचा वापर कसा करायचा, चराई, सरपण, लाकूड यांची योजना जिल्हाधिकाऱ्यांनी लिहून ठेवायची. आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जचं. मात्र हे १६५ वाचताना एक मेख दिसते. सिंचन, वाट, मासेमारी यांच्या वहिवाटी नोंदवायच्या, पण कोणत्या जमिनीतल्या आणि पाण्यातल्या? जे राज्य शासनाचं किंवा स्थानिक संस्थेचं नाही, किंवा त्यांच्या ताब्यात वा व्यवस्थापनात नाही, तिथल्या. आता मोठे तलाव तर १९५१ नंतर सरकारच्याच हाती आले होते. ज्या पाण्यासाठी हा कागद सगळ्यात जास्त लागला असता, तेच पाणी त्याच्या कक्षेबाहेर राहिलं.

दुसरा टप्पा संगणकाचा. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेख संगणकीकरणाचा प्रयोग आठ राज्यांतल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून निवडला गेला वर्धा, आपल्यापासून फार लांब नाही. मग टप्प्याटप्प्याने बाकीचे जिल्हे. काय भरायचं हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नसावा, कारण उत्तर समोर होतं: ज्याला रकाने आहेत ते. सात, बारा, आठ-अ, फेरफार. ज्याला रकाने नव्हते ते अभिलेख कक्षात राहिलं.

रकाने असलेल्या कागदांचं संगणकीकरणही सोपं गेलं नाही, आणि ते काम मी कमी लेखत नाही. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा जुळवायला वर्षं गेली. गावातल्या सगळ्या गटांच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर कुठेतरी आकडा चुकला. डेटाबेसच्या भाषेत ही सचोटीची तपासणी, पटवाऱ्याच्या भाषेत रात्रीचं जागरण. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं: संगणकातले सातबारे गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याचं चुकलं असेल त्याने तिथेच सांगायचं. माहिती तपासायची याहून चांगली पद्धत मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला, त्यात गावाचा कोड आला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी: शेतकऱ्यानेच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची. हा फोटो, त्यासोबतचे अक्षांश-रेखांश, म्हणजे नमुना १२ च्या ओळीला पहिल्यांदाच रकान्याबाहेरचं काहीतरी टाचलं गेलं.

पण गद्याची गरज संपलेली नव्हती. ते दडून बसलं सातबाऱ्यातच, 'इतर अधिकार' या रकान्यात. तुमच्या सातबाऱ्यावर तो रकाना जरूर वाचा. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव, वाट, न्यायालयाचा मनाई हुकूम, आणि कित्येक घरांत आईचं किंवा बहिणीचं नाव, सगळं एकाखाली एक. भोगवटादाराच्या रकान्यात भावांची नावं, आणि बहिणी 'इतर अधिकारा'त. तक्ता बनवणाऱ्याने ज्याला स्वतंत्र जागा दिली नाही, ते सगळं शेवटी 'इतर'मध्ये जातं. संगणकाच्या दृष्टीने तो नुसता मजकूर. 'जिल्ह्यात किती गटांवर बहिणींचा हक्क इतर अधिकारात आहे?' हा प्रश्न अशा मजकुराला सरळ विचारता येत नाही. भोगवटादाराच्या रकान्यात किती नावं आहेत, हे मात्र एका ओळीच्या आज्ञेत मिळतं.

रकाना आहे, मूल्य आहे, पण त्याचा अर्थ सांगणारा कागद सुटला तर काय होतं, याचं उदाहरण विदर्भाइतकं कडू क्वचितच कुठे असेल. मध्य प्रांताच्या कागदांत कित्येक जमिनींपुढे 'झुडपी जंगल' असं लिहिलेलं असायचं. मोठं झाड येत नाही अशी खुरट्या झुडपांची जागा. गुरं चारायला, गावच्या निस्ताराला. त्या जमिनीचं काय करायचं हे निस्तारपत्रकात होतं. खसऱ्यात होते फक्त दोन शब्द. १९८० चा वन संवर्धन कायदा आला, १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, ज्याने नोंदीत जंगल म्हटलेलं सगळं जंगल धरायला लावलं, आणि त्या रकान्यातला 'जंगल' हा एक शब्द पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांवर येऊन आदळला: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन. त्यात शाळा आहेत, घरं आहेत, स्मशानं आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत. काही करायचं तर दिल्लीची परवानगी. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: झुडपी जंगल हे वनच धरायचं, मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनी वनक्षेत्रातून वगळण्यासाठी राज्याने प्रस्ताव पाठवावा. म्हणजे आता प्रत्येक जिल्ह्यात जुने कागद काढावे लागणार: कोणाला, कधी, कशासाठी दिली.

जंगल वाचलंच पाहिजे, यावर माझं दुमत नाही. माझं म्हणणं नोंदीबद्दल आहे. 'झुडपी जंगल' हे मूल्य आणि 'ही जागा गुरांची' हे वाक्य एकत्र प्रवास करत राहिले असते, तर निदान वाद कशाबद्दल आहे हे सगळ्यांना दिसलं असतं.

दुसऱ्या बाजूला २००६ च्या वनहक्क कायद्याने या जुन्या गद्याला पुन्हा दार उघडलं आहे. त्याच्या कलम ३(१)(ब) मध्ये सामूहिक हक्कांत 'निस्तार' हा शब्द जसाच्या तसा आहे, जमीनदारीसारख्या व्यवस्थांच्या काळातले हक्कही धरून. सामूहिक दावा करणाऱ्या गावाला म्हणूनच जुनं निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज उपयोगी पडतं. सातबारा घरबसल्या मोबाइलवर मिळतो. हे कागद मिळवायला अभिलेख कक्षात अर्ज करून बस्ता सुटायची वाट बघावी लागते. यात तोटा कोणाचा होतो ते बघा. ज्याच्या नावावर गट आहे त्याचा हक्क तक्त्यात आहे. ज्या ढीवराच्या नावावर गट नाही, पण तलावात जाळं टाकायचा हक्क आहे. ज्या भूमिहीन बाईचा सरपणाचा हक्क आहे. त्यांचा हक्क लिहिलेला असलाच तर गद्यात लिहिलेला आहे.

आता करायचं काय? मी माझ्या अभ्यासासाठी जी मांडणी वापरते ती सांगते. कोणी डेटाबेस शिकत असेल तर सराव म्हणून करून बघा. गाव, गट, खातेदार, हिस्सा, फेरफार हे पाच तक्ते रिलेशनल पद्धतीने. कडक नियम: फेरफाराशिवाय हिस्सा बदलणार नाही, गटांची बेरीज गावाच्या क्षेत्राशी जुळेल. यात ढिलाई चालत नाही, कारण इथे दोन प्रती वेगवेगळं बोलायला लागल्या की भाऊबंदकी कोर्टात जाते. त्याशेजारी दस्तऐवजांचा साठा: प्रत्येक गावचं वाजिब-उल-अर्ज एक दस्तऐवज, मूळ मजकूर शब्द न बदलता, त्याच्या आत कलमवार भाग, आणि प्रत्येक कलमाला ते ज्या गटाबद्दल आहे त्या गटाचा दुवा. दोन वेगळी सॉफ्टवेअरं लागतीलच असं नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून एकाच तक्त्यात असा दस्तऐवजाचा रकाना ठेवता येतो आणि त्याच्या आत वेगाने शोधताही येतं. गद्याचे तुकडे पाडायचा मोह मात्र आवरावा लागतो. 'पाण्याचा हक्क: आहे / नाही' असा रकाना काढणं सोपं आहे. 'कमी पावसात पाळीने' हे वाक्य त्यात मरतं.

सगळ्यात वेळखाऊ भाग दुव्यांचा आहे. वाजिब-उल-अर्जात तलावाचा क्रमांक जुन्या जमाबंदीतला खसरा नंबर असतो. नंतर चकबंदी झाली, गट पडले, क्रमांक बदलले. जुना नंबर ते नवा गट असा वेगळा जुळणी-तक्ता लागतो, आणि कधी एका जुन्या नंबराचे तीन गट झालेले असतात, कधी तीन नंबरांचा एक. कोणत्या तारखेपासून कोणता क्रमांक चालू, हेही त्यात लिहावं लागतं. हे कुठल्याच सॉफ्टवेअरला आपोआप जमत नाही. त्यासाठी जुना नकाशा, नवा नकाशा, आणि बऱ्याचदा त्या गावातला कोणी म्हातारा माणूस लागतो, जो धुऱ्यावर उभा राहून सांगू शकतो की पूर्वी पाट इथून जायचा.

तुमच्या गावात तलाव असेल तर एवढं करा. महाभूलेखवर त्याच्या गटाचा सातबारा काढा आणि 'इतर अधिकार' रकाना वाचा. तिथे काय लिहिलंय, किंवा काहीच लिहिलेलं नाही, ते मला कळवा. सोबत गावात त्या पाण्याबद्दल काय रीत आहे तेही लिहा. चार ओळी असोत की चाळीस, ज्या शब्दांत तुमच्याकडे सांगतात त्याच शब्दांत.